खाण्याचे नखरे आणि अर्ध्या तासाचा स्वयंपाक

‘मूल काही खातच नाही’ ही तक्रार ज्या घरात कधी ऐकू आली नाही, असे घर विरळाच. पोळी चालते पण भाजी नको, वरण चालते पण त्यात कोथिंबिरीचे पान दिसता कामा नये, परवा मागून घेतलेला दुधीभोपळा आज ताटातसुद्धा नको, अशी ही कुरकुर दोन वर्षांच्या आसपास सुरू होते आणि कित्येक घरांत शाळेची पहिली काही वर्षे टिकते. कामावरून दमून आलेले आईवडील मग दोनपैकी एक मार्ग धरतात. मोठ्यांसाठी एक आणि मुलासाठी दुसरा असा दुहेरी स्वयंपाक मांडतात, नाहीतर नूडल्सचे पाकीट फोडून मोकळे होतात. पहिल्याने स्वयंपाकघराचे काम दुप्पट होते. दुसऱ्याने मुलाची जीभ घरच्या अन्नापासून हळूहळू दुरावते.

या कुरकुरीकडे निव्वळ हट्ट म्हणून पाहून चालत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामागे गरिबी, जंत, वारंवार होणारे आजार अशी अनेक कारणे आहेत. पण सुस्थितीतील घरेही याला अपवाद नाहीत. दूध, बिस्किटे आणि पांढरा भात यांवर पोट भरणाऱ्या मुलाचे वजन ठीक दिसू शकते आणि तरीही त्याच्या रक्तात लोह कमी असू शकते. म्हणून प्रश्न केवळ ‘पोट कसे भरावे’ एवढा नाही. घरात शिजणारे सकस अन्न मुलाने आपणहून खावे, आणि त्यासाठी वेगळी चूल मांडावी लागू नये, असा तो आहे.

मूल ‘नको’ का म्हणते?

पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या वेळेपेक्षा साधारण तिप्पट होते. त्यानंतर वाढीचा हा वेग झपाट्याने मंदावतो; दुसऱ्या वर्षात वजन दोन-अडीच किलोच वाढते. वाढ मंदावली की भूकही कमी होते. ‘लहानपणी सगळे खायचा, आताच काय झाले?’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

उरलेले अर्धे उत्तर नवलाईच्या भीतीत आहे. दोन ते सहा या वयात मुले अनोळखी पदार्थाकडे संशयाने पाहतात. मोठ्यांपेक्षा त्यांना कडू चव अधिक तीव्रतेने जाणवते; म्हणून मेथी, कारले, शेपू यांना त्यांचा विरोध अधिक असतो. पुष्कळदा विरोध चवीला नसून स्पर्शाला असतो. भेंडीचा बुळबुळीतपणा, वांग्याच्या बिया, आमटीत तरंगणारी टोमॅटोची साल एवढ्याने घास नाकारला जातो. अशा वेळी भाजी न बदलता तिची कृती बदलून पाहावी. रसभाजीतली भेंडी नाकारणारे मूल तव्यावर कुरकुरीत परतलेली भेंडी आवडीने खाते.

मुलांच्या खाण्याच्या सवयींवर अमेरिकेत लीन बर्च यांनी १९८० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासांतून दोन गोष्टी पुढे आल्या. नवा पदार्थ मुलांनी पुन:पुन्हा चाखला की त्याची आवड वाढत जाते. त्यासाठी आठ-दहा, कधी त्याहूनही अधिक वेळा तो समोर यावा लागतो. दुसरी गोष्ट अशी की बक्षिसाच्या लालचीने खाऊ घातलेला पदार्थ मुलांना पुढे अधिकच नावडू लागतो. ‘भाजी संपव, मग चॉकलेट देते’ या वाक्यातून मूल एवढेच शिकते की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. आपल्याकडे मात्र दोन-तीन वेळा नकार मिळाला की ‘याला तोंडली आवडतच नाहीत’ असा शिक्का बसतो आणि तोंडली घरात येणेच बंद होते.

किती खाल्ले म्हणजे पुरे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये जाहीर केलेल्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षे वयाच्या मुलाला दिवसाला साधारण १३६० कॅलरी, १६ ग्रॅम प्रथिने, ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ११ मिलिग्रॅम लोह लागते. सात ते नऊ वर्षांसाठी हेच आकडे अनुक्रमे १७००, २३, ६५० आणि १५ असे आहेत. यांतील प्रथिनांची गरज डाळ-भात, दूध आणि उसळ यांतून सहज भागते. खरी ओढाताण होते ती लोहाची.

ताटात वाढताना मात्र आकडेमोड करण्याची गरज नाही. वयाच्या प्रत्येक वर्षामागे एक मोठा चमचा, हा प्रत्येक पदार्थाचा सोपा अंदाज धरावा. तीन वर्षांच्या मुलाला तीन चमचे भाजी पुष्कळ झाली. मोठ्यांच्या मापाने वाटीभर वाढून ती संपत नाही म्हणून काळजी करणे हे बऱ्याच घरांतील भांडणाचे मूळ असते. कमी वाढावे, मुलाने पुन्हा मागावे, यात त्याचाही मान राहतो. शिवाय खाण्याचा हिशेब एका जेवणाचा न धरता आठवड्याचा धरावा. एका दिवशी चतकोर पोळीवर उठलेले मूल दुसऱ्या दिवशी दीड पोळी खाते.

कोणी काय ठरवायचे?

अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी जबाबदारीची एक वाटणी सुचवली आहे. काय शिजवायचे, केव्हा आणि कोठे वाढायचे, हे आईवडिलांनी ठरवावे. वाढलेल्यापैकी काय आणि किती खायचे, हे मुलाने ठरवावे. आपल्या घरांत नेमके उलटे घडते. ‘आज काय करू?’ हे मुलाला विचारले जाते आणि ‘अजून दोन घास तरी खा’ हे मोठे ठरवतात.

ही वाटणी पाळायची तर काही पथ्ये सांभाळावी लागतात. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात आणि दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तासांचे अंतर असावे. संध्याकाळी सहाला बिस्किटे आणि सातला पेलाभर दूध झाल्यावर आठला मूल जेवत नाही, यात त्याचा दोष नाही. दूध सकस खरे, पण दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणाऱ्या मुलाची जेवणावरची वासना उडते आणि लोहाचीही कमतरता होऊ शकते. मोबाईल दाखवून भरवल्याने घास जातात, पण आपण काय खाल्ले आणि पोट केव्हा भरले, हे मुलाला कळत नाही. घरातल्या सगळ्यांनी, निदान रात्री, एकत्र जेवायला बसावे. आजोबा मिटक्या मारीत कारल्याची भाजी खात असतील तर तिची शिफारस निराळी करावी लागत नाही.

आजी-आजोबांशी या बाबतीत आधीच बोलून घ्यावे. आई नियम सांभाळते आणि आजी पाठीमागून लाडू देते, अशा घरात मूल चटकन राजकारण शिकते. लाडू अवश्य द्यावा. फक्त त्याचीही वेळ ठरवावी.

मराठी ताटाची युक्ती

अनेक मुलांना एकमेकांत मिसळलेले पदार्थ आवडत नाहीत. आपल्या पारंपरिक ताटात या अडचणीवर आयता उपाय आहे. वर मीठ आणि लिंबाची फोड. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाजी आणि आमटी. मध्ये भात आणि पोळी. प्रत्येक पदार्थ आपापल्या जागी, थोडाथोडा आणि वेगळा. मुलाचे ताटही असेच वाढावे. त्यात एक पदार्थ त्याच्या हमखास आवडीचा असावा, मग तो नुसता तूप-मीठ-भात का असेना. आणि एक पदार्थ ओळख वाढवण्यासाठी, चमचाभर. तो खाल्लाच पाहिजे असे नाही. ताटात असला म्हणजे झाले.

एकाच भांड्यातून सर्वांचे जेवण निघायचे असेल तर तिखट शेवटी घालण्याची सवय लावून घ्यावी. भाजी, आमटी किंवा उसळ शिजली की मुलाचा वाटा आधी बाजूला काढावा आणि मग उरलेल्यात तिखट, मसाला किंवा वरून चरचरीत फोडणी घालावी. दुहेरी स्वयंपाक टाळण्याचा याहून सोपा उपाय नाही.

पूर्वतयारी

रोजचा स्वयंपाक अर्ध्या तासात उरकायचा तर थोडी तयारी सुट्टीच्या दिवशी करून ठेवावी. मटकी किंवा मूग आठ-दहा तास भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत. असे कडधान्य फ्रिजमध्ये तीन दिवस चांगले राहते. खोबरे किसून, आले-लसूण वाटून, पालेभाजी निवडून, कोरडी करून ठेवावी. थालिपिठाची भाजणी घरात असावी. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची व उडदाची डाळ, धने, जिरे असे सारे तीत एकत्र आलेले असल्याने ऐनवेळी ती हमखास उपयोगी पडते. कुकरला रात्रीचे वरण लावताना थोडी तुरीची डाळ जास्त शिजवावी. दुसऱ्या दिवशीची वरणफळे तीतच होतात.

पाच झटपट पदार्थ

पुढील प्रमाण चार जणांसाठी आहे.

भाज्यांची मऊ खिचडी (२५ मिनिटे). दीड वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी मुगाची डाळ धुऊन घ्यावी. कुकरमध्ये दोन चमचे तुपावर जिरे, हिंग, हळद घालून तांबड्या भोपळ्याच्या फोडी एक वाटी, बारीक चिरलेले एक गाजर आणि मूठभर मटार परतावेत. डाळ-तांदूळ, मीठ आणि सात-आठ वाट्या गरम पाणी घालून तीन शिट्ट्या कराव्यात. धान्य आणि डाळ एकत्र आल्याने एकातली प्रथिनांची उणीव दुसरे भरून काढते. मुलांना वरून तूप आणि लिंबू. मोठ्यांना लसूण व सुक्या मिरचीची फोडणी. सोबत भाजलेला पापड आणि ताक असले की जेवण पूर्ण होते.

वरणफळे किंवा चकोल्या (३० मिनिटे). विदर्भात वरणफळे आणि पश्चिम महाराष्ट्रात चकोल्या म्हणून ओळखला जाणारा हा पदार्थ म्हणजे एका भांड्यातले पुरे जेवण. दीड वाटी कणकेत मीठ, हळद, ओवा आणि चमचाभर तेल घालून ती घट्ट भिजवावी. मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्त्याच्या फोडणीत दोन वाट्या शिजलेली तुरीची डाळ, पाच-सहा वाट्या पाणी, तीन-चार आमसुले, गुळाचा खडा, गोडा मसाला आणि मीठ घालून उकळी आणावी. मूठभर चिरलेला पालक किंवा शेवग्याची कोवळी पाने यातच घालावीत. पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापावेत आणि उकळत्या वरणात एकेक करून सोडावेत. आठ-दहा मिनिटांत ते शिजतात. तुकडे कापण्याचे काम मुलांकडे द्यावे. झाकणाने गोल कापावेत की सुरीने तिरपे, हे त्यांनी ठरवावे. स्वतः कापलेला तुकडा कसा लागतो, हे पाहण्याची उत्सुकता मुलांना असतेच.

मिश्र पिठांची धिरडी (१५ मिनिटे). एक वाटी ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी बेसन, पाव वाटी तांदळाचे पीठ, वाटीभर किसलेला दुधी, आले-लसणाचे वाटण, जिरे, मीठ आणि अर्धी वाटी ताक एकत्र करून लागेल तसे पाणी घालून सरसरीत भिजवावे. लोखंडी तव्यावर पातळ धिरडी घालून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावीत. ज्वारीऐवजी नाचणी घेतल्यास कॅल्शियम वाढते. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते, म्हणजे तेवढ्याच दुधापेक्षा जवळजवळ तिप्पट. रंगामुळे मुले बिचकली तर आरंभी नाचणी दोन चमचेच घालावी आणि प्रमाण हळूहळू वाढवावे.

मटकीची उसळ (२० मिनिटे). तेलाच्या फोडणीत बारीक चिरलेला कांदा परतून दोन वाट्या मोड आलेली मटकी, हळद, मीठ आणि वाटीभर गरम पाणी घालून झाकण ठेवावे. मटकी शिजली की गोडा मसाला, गूळ आणि ओले खोबरे घालावे. मुलांचा वाटा काढून घेऊन त्यावर लिंबू पिळावे. उरलेल्या उसळीत कांदा-लसूण मसाला आणि पाणी वाढवून कट करावा. वर फरसाण घातले की मोठ्यांची मिसळ तयार.

अंड्याची गुंडाळी (१० मिनिटे). दोन अंडी, चिमूटभर हळद, मीठ आणि अगदी बारीक चिरलेला टोमॅटो फेटून तव्यावर पसरावा. ओलसर असतानाच त्यावर तयार पोळी दाबून बसवावी, उलटून भाजावी आणि गुंडाळी करावी. इतक्या मिश्रणात दोन पोळ्या होतात. माणसे असतील त्याप्रमाणे प्रमाण वाढवावे. अंडे न खाणाऱ्या घरांत पोळीवर किसलेले पनीर आणि परतलेले गाजर घालावे. शाळेच्या डब्यात ही गुंडाळी सांडत नाही आणि पाच मिनिटांच्या सुट्टीतही संपते.

लोह अंगी लागण्यासाठी

पालेभाज्या, बाजरी, कडधान्ये यांतील लोह मांस-मासळीतील लोहाइतके सहज शोषले जात नाही. आंबट फळांतील ‘क’ जीवनसत्त्व त्याला मदत करते. म्हणून उसळीवर लिंबू, जेवणानंतर पेरूची फोड किंवा संत्रे, थंडीत आवळा ही जोडी मोडू नये. चहातील घटक लोहाचे शोषण रोखतात, तेव्हा मुलांना जेवणाबरोबर चहा देऊच नये. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे या आपल्या जुन्या प्रक्रियांमुळेही धान्यांतील लोह शरीराला अधिक मिळते. लोखंडी तवा-कढईचाही थोडा लाभ होतो. मांसाहारी घरांत मुलांना मटण, चिकन किंवा मासळी आठवड्यातून एक-दोनदा कमी तिखट करून द्यावी. मासळीचे काटे मात्र नीट काढावेत.

मधल्या वेळच्या खाण्यात शेंगदाण्याचा किंवा राजगिऱ्याचा लाडू, फुटाणे-गूळ, केळे, दडपे पोहे असे काही असावे. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. त्यांना कूटच द्यावे.

लपवावे की दाखवावे?

पराठ्यात पालक, इडलीत गाजर, कटलेटमध्ये बीट अशी लपवाछपवी सर्रास केली जाते. त्यातून पोषण मिळते, यात शंका नाही. पण केवळ लपवूनच दिलेल्या भाजीशी मुलाची ओळख कधीच होत नाही आणि लबाडी उघडी पडली तर आवडत्या पराठ्यावरचाही विश्वास उडतो. म्हणून पालकाचा पराठा करावा, पण तो पालकाचा आहे हे सांगावे. आणि आठवड्यातून एकदा पालकाची पातळ भाजीही ताटात चमचाभर वाढावी. मंडईत मुलाला सोबत न्यावे आणि दोन भाज्यांपैकी एक त्याला निवडू द्यावी. वाटाणे सोलणे, कोथिंबीर निवडणे, कोशिंबीर ढवळणे ही कामे चार वर्षांचे मूलही आनंदाने करते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

बहुतेक मुलांची कुरकुर वयाबरोबर ओसरते. परंतु वजन वाढणे थांबले किंवा घटू लागले, मूल फिकट दिसू लागले व लवकर दमू लागले, माती किंवा खडू खाऊ लागले, गिळताना ठसका लागू लागला किंवा खाण्याचे पदार्थ चार-पाचांवरच येऊन ठेपले आणि तेही कमी होत चालले, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. रक्ततपासणीवाचून स्वतःच्या मनाने लोहाची किंवा भूक वाढवण्याची औषधे देऊ नयेत.

एरवी मात्र पुरते ते सातत्यच. आज ताटात तशीच राहिलेली चमचाभर भाजी पुढच्या आठवड्यात पुन्हा वाढावी. न रागावता, न विनवता. कधीतरी मूल बोटाने चाखून पाहते, मग अर्धा घास घेते. त्या दिवशीही फार कौतुक करू नये. घरात सगळे खातात तेच आपणही खातो, एवढे त्याला सहजपणे वाटावे.